काठावरचे तारे

दुर्बिणीतून आकाश पाहणे वेगळे आणि त्याचे छायाचित्र घेणे वेगळे. डोळा एका ताऱ्यावर खिळतो. छायाचित्राची काच मात्र मधल्याला आणि काठावरच्याला एकाच वेळी साक्षीला बोलावते. मोठ्या आरशांच्या दुर्बिणींची अडचण येथेच होती. अन्वस्ताकार आरसा मधला तारा टाचणीच्या टोकासारखा रेखतो. पण मध्यापासून थोडे दूर गेलो की प्रत्येक ताऱ्याला धूमकेतूसारखे शेपूट फुटते. अशा ताऱ्याचे स्थान मोजावे कोठून आणि तेज ठरवावे कसे? म्हणून या दुर्बिणींच्या वाट्याला आकाशाचा चिमूटभर तुकडाच येई.

हे कोडे बर्न्हार्ट श्मिट या कारागिराने सोडविले. १८७९ साली एस्टोनियाजवळच्या नाइसार बेटावर तो जन्मला. पोरवयात बंदुकीच्या दारूशी खेळताना त्याने उजवा हात गमावला. पुढे उत्तमोत्तम आरसे घासले ते एका हाताने! १९२९ साली ग्रहणाच्या निमित्ताने तो ज्योतिर्विद वाल्टर बाडे यांच्याबरोबर फिलिपाइन्सला गेला. त्या सफरीत त्याने आपली कल्पना त्यांना सांगितली.

कल्पना अशी: गोलाकार आरशातही दोष असतो, तारे पुसट होतात, पण आरशाच्या वक्रतामध्याशी प्रकाशाची वाट आखून दिली, तर हा दोष मधल्या व काठावरच्या ताऱ्यांना सारखाच लागतो. मग त्याच ठिकाणी एक पातळ, किंचित वळणाची काच बसवावी. एका औषधाने सर्वांचा रोग जावा. हे वळण आणण्यासाठी श्मिटने काच भांड्यावर ठेवून आतली हवा काढली, वाकलेली काच वरून घासली आणि हवा आत सोडली. मोकळी झालेली काच आपोआप हव्या त्या आकारात आली. १९३० साली हॅम्बुर्गजवळच्या बर्गेडॉर्फ वेधशाळेत ३६ सेंटिमीटरचा पहिला कॅमेरा सिद्ध झाला.

किंमत एकच होती: प्रतिमा सपाट न पडता वक्र पृष्ठावर पडते, म्हणून छायाचित्राची काचही वाकवावी लागे.

श्मिट १९३५ साली वारला. पुढे पालोमार पर्वतावरील ४८ इंची श्मिट दुर्बिणीने १९४९ ते १९५८ या काळात आकाशाचा प्रचंड नकाशा तयार केला. तिच्या एका काचेवर सुमारे सहा अंश आकाश, म्हणजे ओळीने बारा पूर्णचंद्र मावत. २००९ साली अवकाशात गेलेल्या केप्लर दुर्बिणीची रचनाही श्मिटचीच.

मधल्याचे तेज राखून काठावरच्यालाही न्याय देणे, हेच त्या एकहाती कारागिराचे कार्य आम्हांस मोठे वाटते.