अभिजात स्पोर्ट्स कारचे विद्युतीकरण
जुन्या स्पोर्ट्स कारमधील पेट्रोल एंजिन (पहा : अंतर्ज्वलन-एंजिन) काढून विद्युत मोटर व बॅटरी बसविण्याची प्रक्रिया. जग्वारने २०१७ मध्ये दाखविलेली ‘ई-टाइप झीरो’ हे तिचे ठळक उदाहरण. १९६८ च्या या गाडीत ४० किलोवॉट-तासांची बॅटरी सहा सिलिंडरांच्या मूळ एंजिनाच्याच जागी, तेवढ्याच आकारमानात व जवळपास तेवढ्याच वजनात बसते. मोटर गिअरबॉक्सच्या जागी येते. त्यामुळे सांगाडा कापावा लागत नाही, सस्पेन्शन व ब्रेक मूळचेच चालतात आणि पेट्रोल एंजिन पुन्हा चढविता येते. एंजिन गेले की गाडीचे ऐतिहासिकत्व संपते, हा आक्षेप निराधार नाही; जुन्या वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिवा’ अशी गाडी ऐतिहासिक मानत नाही. मात्र बदल उलटविता येण्याजोगे ठेवावेत व काढलेले भाग जपावेत, अशी शिफारसही तोच करतो, म्हणजे खरा निकष इंधन नसून परतीची वाट हा ठरतो (पहा : विद्युत मोटर, वारसा-जतन).