लहान विमानांचे अपघात आणि 'संभाव्य कारण' : महाराष्ट्रातील काही घटनांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

दि. २७ जून २०१८ रोजी ओझर येथील हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या धावपट्टीवरून चाचणीसाठी निघालेले सुखोई-३० हे लढाऊ विमान निफाड तालुक्यातील वावी ठुशी शिवारात कोसळले. दोन्ही वैमानिक आसनासह बाहेर फेकले गेले, हवाई छत्रीने खाली उतरले आणि वाचले. दुसऱ्याच दिवशी, २८ जूनच्या दुपारी, मुंबईत जुहू विमानतळावरून तेही चाचणीसाठीच उडालेले बीचक्राफ्ट किंग एअर सी-९० हे छोटे विमान घाटकोपरच्या भरवस्तीत, एका बांधकामाच्या जागेवर पडले. विमानातील चौघे आणि रस्त्याने चाललेला एक पादचारी असे पाच जण मृत्युमुखी पडले.

या दोन घटनांपैकी नाशिक जिल्ह्यात पहिलीची चर्चा अधिक झाली, आणि ते स्वाभाविक होते. सिन्नर परिसराला विमान नवे नाही. वायव्येस नाशिकरोडजवळच्या गांधीनगर येथे लष्कराच्या हवाई दलाचे प्रशिक्षण विद्यालय, त्याच्या पलीकडे ओझर, आणि २०१७ पासून पूर्वेस शिर्डीचे काकडी विमानतळ. त्यामुळे शेतातला माणूस आवाजावरून हेलिकॉप्टर की विमान हे सांगतो. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाला दुसरी घटना अधिक अस्वस्थ करते. लढाऊ विमानात वैमानिकाला बाहेर फेकणारे आसन असते, घटनेनंतर संरक्षण खात्याची यंत्रणा चौकशीला लागते आणि कारखान्याकडे प्रत्येक सुट्या भागाची नोंद असते. लहान नागरी विमानात बहुधा यांपैकी काहीच नसते. उरतात ते जळालेले अवशेष, दुरुस्तीची वही, हवामान खात्याचा तक्ता आणि लांबून पाहणाऱ्यांच्या साक्षी. एवढ्या तुटपुंज्या साधनांवरून जे ठरवले जाते त्याला 'संभाव्य कारण' म्हणतात. हे कारण कसे ठरते आणि त्यात मृत वैमानिकाच्या पदरी काय पडते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संज्ञेचा इतिहास

भारतात विमान अपघातांच्या चौकशीचा कायदेशीर पाया विमान अधिनियम, १९३४ आणि विमान नियम, १९३७ यांनी घातला. या व्यवस्थेत दीर्घकाळ बहुतेक अपघातांची चौकशी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे निरीक्षक करीत. हेच महासंचालनालय विमानाला उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र देते, वैमानिकाला परवाना देते आणि दुरुस्ती करणाऱ्या संस्थांवर देखरेख ठेवते. म्हणजे ज्याच्या सहीने विमान उडाले, त्याच्याच कार्यालयाने ते का पडले हे सांगायचे. अशा रचनेत निष्कर्ष मुद्दाम वाकवला जातो असे म्हणण्याचे कारण नाही. पण चूक विमानात बसलेल्या माणसाची होती असे निघाले तर कार्यालयाला फारसे काही बदलावे लागत नाही, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवर १९५१ मध्ये शिकागो कराराचे तेरावे परिशिष्ट स्वीकारले गेले. चौकशीचा एकमेव हेतू पुढील अपघात टाळणे हा असावा, दोष वा उत्तरदायित्व ठरवणे हा नसावा, हे तत्त्व आज त्या परिशिष्टाचा गाभा मानले जाते. भारतात स्वतंत्र विमान अपघात अन्वेषण विभाग स्थिर झाला तो २०१२ च्या नियमांनंतर. हा विभागही नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्याच छायेत आहे. तथापि परवाना देणारा आणि चौकशी करणारा हे वेगळे झाले, एवढे तरी घडले. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या अधिनियमाची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे.

दुसरी मर्यादा तांत्रिक आहे. उड्डाणाची माहिती नोंदवणारे यंत्र बसवण्याची सक्ती जगभर प्रामुख्याने ५,७०० किलोग्रॅमपेक्षा जड विमानांना लागू झाली. हलकी विमाने दीर्घकाळ या कक्षेबाहेर राहिली. २३ जून १९८० रोजी दिल्लीत सफदरजंग विमानतळाजवळ संजय गांधी यांचे पिट्स एस-२ए हे दोन आसनी कसरतीचे विमान कोसळले, त्यात त्यांच्यासह कॅप्टन सुभाष सक्सेना यांचाही अंत झाला. एवढी गाजलेली घटना, परंतु अखेरच्या क्षणी विमानात काय घडले हे सांगणारा आवाज किंवा आलेख नाही.

पस मॉथ : सुटे अपघात आणि एकत्रित पुरावा

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतीय नागरी विमान वाहतुकीच्या इतिहासात हा प्रसंग नेहमी गौरवाने सांगितला जातो. ज्या विमानाने ही सेवा सुरू झाली ते डी हॅविलँड कंपनीचे डी.एच. ८०ए, म्हणजेच 'पस मॉथ' होते. १२० अश्वशक्तीचे एक इंजिन, वर पंख, खाली दोन-तीन माणसांपुरती बंदिस्त खोली. बिनतारी यंत्र नाही.

या गौरवकथेत सहसा न येणारी बाब अशी की, त्याच सुमारास हे विमान जगात संशयाच्या छायेत होते. ऑक्टोबर १९३० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात एक पस मॉथ हवेतच मोडले. मे १९३१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ड्रेकन्सबर्ग पर्वतावर ग्लेन किड्स्टन यांचे विमान तसेच गेले. टाटांच्या पहिल्या उड्डाणाच्या महिनाभर आधी, सप्टेंबर १९३२ मध्ये, ऑस्ट्रेलियात लेस होल्डन हे नामवंत वैमानिक प्रवासी म्हणून बसलेले पस मॉथ कोसळले.

यांतील प्रत्येक अपघात सुटा पाहिला तर कारण हाताशी होते. एकीकडे धुळीचे वादळ, दुसरीकडे डोंगरावरची खवळलेली हवा, कोठे वैमानिकाचे धाडस. खंड वेगळे, देश वेगळे, चौकशी अधिकारी वेगळे. हे तुकडे एकत्र मांडले गेले तेव्हा निराळे चित्र दिसले. ब्रिटनमध्ये झालेल्या प्रयोगांतून लक्ष पंखाच्या आधारदांड्यांकडे, आणि वेगात व खळबळत्या हवेत विमानाच्या भागांत निर्माण होणाऱ्या कंपांकडे वळले. पुढच्या दांड्याला एक लहानसा जोडआधार देण्यात आला. इतकी छोटी दुरुस्ती! त्या जोडआधाराअभावी जे गेले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या नावापुढे आधी 'प्रतिकूल हवामान' असे लिहिले गेले असणार, असे मानणे वावगे ठरू नये. एकाच घटनेवरून काढलेले 'संभाव्य कारण' किती ठिसूळ असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण प्रस्तुत लेखकाला आढळलेले नाही.

टाटांच्या सेवेपुढचे संकट वेगळेच होते. जुहूचे मैदान समुद्रसपाटीलगतचे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई. म्हणून पावसाळ्यापुरता तळ पुण्याला हलवावा लागे. विमान कोठून उडावे हे माणसाने नव्हे, पर्जन्याने ठरवावे असा तो काळ होता. आणि पुण्याचा तळ म्हणजे सह्याद्रीशी गाठ.

सह्याद्रीचा काठ

महाराष्ट्रातील अपघातांच्या कारणांत ज्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही असा एक घटक आहे, तो म्हणजे घाटमाथा. पठार सुमारे ५५० ते ७०० मीटर उंचीवर. पश्चिमेकडे ते एकदम तुटते आणि कोकणाची पट्टी जवळजवळ समुद्रसपाटीला लागते. मधली शिखरे पठाराहूनही उंच. सिन्नरच्या नैर्ऋत्येस असलेले कळसूबाई १,६४६ मीटर. जून ते सप्टेंबर हा सारा काठ ढगात बुडालेला. पूर्वेकडून मुंबईला येणाऱ्या वैमानिकाने उतरण्यास केव्हा प्रारंभ करावा, हा येथे केवळ वेळेचा प्रश्न नसतो. काठ ओलांडल्यावर उतरायचे; काठ ओलांडला असे वाटून नव्हे.

४ ऑगस्ट १९७९ रोजी इंडियन एअरलाइन्सचे एचएस-७४८, ज्याला आपल्याकडे 'ॲव्हरो' म्हणत, पुण्याहून मुंबईस येताना पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले; ४५ जण मृत्यू पावले. हे विमान काटेकोर अर्थाने लहान नव्हे. पण आजच्या जेट विमानांच्या मानाने छोटेच, आणि मार्ग तर अर्ध्या तासाचा. चढून स्थिर होते न होते तोच उतरायची तयारी करावी लागे. मोटारीने खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्याला धुक्यात वळण दिसले नाही तर तो थांबू शकतो. वैमानिकाला थांबता येत नाही.

विमानाचा आकार येथे दुय्यम ठरतो, हे आणखी एका घटनेवरून दिसते. ६ जुलै १९६२ च्या रात्री बँकॉकहून मुंबईस येणारे अलितालिया कंपनीचे डीसी-८ हे मोठे जेट जुन्नर परिसरातील डोंगरावर आदळले आणि ९४ जण दगावले. मुंबई प्रत्यक्षाहून जवळ आली आहे अशा समजुतीने विमान वेळेआधीच खाली आणले गेले, असे कारण नोंदले गेले. सिन्नरहून संगमनेर ओलांडले की जुन्नरचा मुलूख लागतो. पावसाळ्याच्या रात्री तेथे हातभर अंतरावरचे दिसत नाही, हे त्या वाटेने गेलेल्यास सांगायला नको. 'वैमानिकाने अकाली उतरण्यास सुरुवात केली' हे विधान खरे आहे. पण त्याला आपण नेमके कोठे आहोत हे कळण्याचे साधन जमिनीवरून किती मिळत होते, हा प्रश्न त्या वाक्यात मावत नाही.

पठाराचा आणखी एक गुण थोडक्यात नोंदवावा. उंची आणि उन्हाळा एकत्र आले की हवा विरळ होते व यंत्राचे बळ घटते. २५ मे २०१७ रोजी निलंगा येथे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उडताच खाली आले आणि विजेच्या तारांत अडकले. सर्व जण सुखरूप राहिले. मे महिन्याच्या उन्हातला मराठवाडा अशा उड्डाणाच्या गणितात धरावाच लागतो.

साक्षीदार

लहान विमाने शहरापासून दूर पडतात आणि तेथे सर्वप्रथम पोहोचतो तो गावकरी. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचे विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळले. प्रशिक्षक जागीच गेले. जखमी प्रशिक्षणार्थी युवतीला आदिवासी ग्रामस्थांनी झोळी करून चिखलवाटेने बाहेर काढले. अधिकारी नंतर आले. अपघातस्थळाची पहिली, अस्पर्शित अवस्था पाहिलेले हे लोक चौकशीच्या दृष्टीने मोलाचे असतात.

मात्र साक्षीलाही साधनचिकित्सा हवी. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे यांचे विमान उत्तर प्रदेशात मैनपुरी जिल्ह्यात कोसळून त्यांच्यासह आठ जणांचा अंत झाला. तेही किंग एअर सी-९० होते. विमान हवेतच पेटल्याचे गावकऱ्यांनी सांगितले आणि वृत्तपत्रांनी तसे छापले. अपघातांच्या अभ्यासात ही साक्ष वारंवार येते. पाहणाऱ्याचे लक्ष आवाजाने वेधले जाते, तोवर विमान जमिनीशी पोहोचलेले असते. आधीचा क्षण आणि नंतरची ज्वाला मनात एक होऊन जातात. साक्षीदार खोटे बोलत नाही. तो क्रम चुकवतो. बखरीतील लढाईचे वर्णन वाचताना आपण जी सावधगिरी बाळगतो तीच येथे लागते.

पुन्हा घाटकोपर

घाटकोपरच्या विमानाचा पूर्वेतिहास अपघाताच्या दिवशीच वृत्तपत्रांतून बाहेर आला. ते मूळचे उत्तर प्रदेश सरकारचे. अलाहाबाद येथे त्याला अपघात झाल्यावर ते विकले गेले. मुंबईच्या कंपनीने ते घेतले, दीर्घ काळ दुरुस्ती चालली आणि नंतर हे चाचणी उड्डाण ठरले. विमानात दोन वैमानिक आणि दोन अभियंते होते. दिवस जूनअखेरचा, हवा पावसाळी. शेवटच्या काही सेकंदांत हातात सुकाणू असलेल्याने काय केले हे महत्त्वाचे खरेच. परंतु अनेक वर्षे जमिनीवर असलेले यंत्र भरपावसाळ्यात, कोटीच्या वर लोकवस्तीच्या शहरावर चाचणीसाठी न्यावे हा निर्णय त्या सेकंदांत झालेला नव्हता. तो आधी, कोरड्या खोलीत, टेबलाशी बसून झाला होता. अवशेष तपासताना ते टेबल सापडत नाही.

पाचवा मृत तर विमानात बसलेलाच नव्हता. अपघाताच्या अहवालांत मृतांचा तक्ता असतो : कर्मचारी, प्रवासी आणि 'इतर'. दुपारच्या वेळी त्या गल्लीतून जाणारा तो माणूस या तिसऱ्या रकान्यात येतो.