दोन मास्तरांची साक्ष

१८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला, आणि पुण्यातल्या दोन मास्तरांनी त्याच्यापुढे आपले म्हणणे मांडले. एक जोतीराव फुले, दुसरे न्यू इंग्लिश स्कूलचे वामन शिवराम आपटे. जोतीरावांना मास्तर म्हटले तर कोणी हरकत घेईल. निवेदनावर त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली आहे. पण आपण महार-मांगांच्या शाळांतून नऊदहा वर्षे खपलो, हेही त्यांनी त्यातच नमूद केले आहे. आणि निवेदन वाचू लागले की लिहिणारा फळ्यापुढे उभा राहिलेला माणूस आहे, हे सांगावे लागत नाही.

सारा भरतो कुणबी आणि त्या पैशावर शिकतात वरचे वर्ग, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे. म्हणून प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, लोकल फंडातला निम्मा पैसा त्याला द्या, ही मागणी. पण ते तेवढ्यावर थांबत नाहीत. पंतोजी शक्य तो शेतकरी वर्गातला, वेळ पडल्यास नांगर धरणारा असावा. त्याला १२ रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावी १५ किंवा २० असावा. मुलांना मोडी, बाळबोध, हिशेब यांबरोबर शेतीची आणि आरोग्याची माहिती मिळावी. पगाराचा आकडा धोरणाच्या कागदात आणायला मास्तरच लागतो!

आपट्यांची शाळा अवघी दोन वर्षांची, पण खाजगी प्रयत्नाचा तो उत्तम नमुना होता. हंटरसाहेबांनी ती पाहून वाखाणली. आयोगाचा कलही अनुदान देऊन खाजगी संस्था वाढवाव्यात, असाच होता. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. प्राथमिक शाळा मात्र लोकल बोर्डांच्या आणि म्युनिसिपालिट्यांच्या गळ्यात पडल्या, आणि सक्तीचे नाव कोणी काढले नाही. दोघांनीही आयोगापुढे तोंड उघडले. पण सरकारला जे स्वस्तात पडत होते, तेच त्याने ऐकले, असे मला वाटते.

आता मौज पाहा. सक्तीचा प्रश्न पुढे कायदेमंडळात नेला तो त्याच फर्ग्युसनच्या प्राध्यापकाने. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ पर्यंत तिथे शिकवीत होते. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक कित्येकांनी घोकले. मार्च १९११ मध्ये त्यांनी विधेयक मांडले. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्येच सक्ती आणली होती, तो दाखला हाताशी होता. विधेयक बिचारे फार सौम्य: सहा ते दहा वर्षांचे मुलगे, तेही स्थानिक संस्थेची इच्छा आणि सरकारची संमती असेल तिथेच. तरीसुद्धा मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्ती सुरू केली. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांचा कायदा १९१८ साली झाला, तोही फक्त म्युनिसिपालिट्यांपुरता. ज्या खेड्यातल्या कुणब्यासाठी जोतीरावांनी निवेदन लिहिले, तो अजून कायद्याबाहेरच होता.