संत थॉमस शाळेचे गायनशिक्षक

माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकात संगीताला जागा मिळालीच, तर ती बहुधा आठवड्यातील एखाद्या तासापुरती असते. आणि परीक्षा जवळ आल्या की तो तासही गणिताच्या किंवा इंग्रजीच्या पदरी पडतो. संगीत हे शिक्षणाचे अंग आहे की शाळेचा केवळ अलंकार, हा प्रश्न त्यामागे दडलेला असतो. हा वाद आजचा नाही. जर्मनीतील लाइपझिग शहरी, संत थॉमस शाळेत, अठराव्या शतकात तो इतक्या तीव्रतेने लढला गेला की प्रकरण थेट राजदरबारापर्यंत पोहोचले. त्या वादातील एक पक्षकार होते योहान सेबास्टियन बाख. थोर संगीतकार म्हणून बाख यांना जग ओळखते. परंतु १७२३ पासून १७५० मध्ये मृत्यू येईपर्यंत सत्तावीस वर्षे ते एका शाळेच्या नोकरीत होते, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. आज आपण बाख यांना त्या शाळेत पाहू या.

शाळेचा उगम मठातला. १२१२ मध्ये मायसेन प्रांताचा अधिपती डीट्रिख याने लाइपझिग येथे ऑगस्टिनियन मठ स्थापिला व त्याच्या आश्रयाने ही शाळा उभी राहिली. उपासनेत गाण्यासाठी मुले हवी होती आणि गाणाऱ्या मुलांना लॅटिन येणे आवश्यक होते. गायन आणि विद्या यांचा संबंध असा पहिल्या दिवसापासूनचा. १५३९ मध्ये शहराने ल्यूथर यांचा पंथ स्वीकारला, मठ विसर्जित झाला आणि पुढे शाळा नगरपालिकेच्या ताब्यात गेली. मात्र गायन टिकले. गरीब घरच्या मुलांना शाळेत निवास, भोजन व शिक्षण मिळे आणि त्याच्या मोबदल्यात त्यांनी शहरातील चर्चमध्ये, लग्नांत, अंत्ययात्रांत आणि ठराविक दिवसांत रस्तोरस्ती फिरून गावे, अशी व्यवस्था होती. गाणे हेच त्यांचे शुल्क होते, असे म्हटले तरी चालेल.

या शाळेच्या गायनशिक्षकाला ‘कँटर’ म्हणत. १७२२ मध्ये योहान कुनाऊ हे कँटर निवर्तले, तेव्हा नगरपालिकेची पहिली पसंती टेलेमान यांना व नंतर ग्राउपनर यांना होती. ते दोघेही येऊ शकले नाहीत, तेव्हा कोथेनच्या दरबारी असलेल्या बाख यांची निवड झाली. शाळेच्या श्रेणीत त्यांचे स्थान मुख्याध्यापक व उपमुख्याध्यापक यांच्या खालोखाल, म्हणजे तिसरे होते. पदाबरोबर लॅटिन शिकविण्याचेही बंधन होते. बाख यांनी वर्षाला ५० थालर देऊन ते काम एका सहकारी शिक्षकावर सोपविले. वसतिगृहाच्या देखरेखीची आठवड्याची पाळी मात्र वरिष्ठ शिक्षकांप्रमाणे त्यांच्याही वाट्याला येत असे. मुलांना पहाटे उठविण्यापासून रात्री निजविण्यापर्यंतची सारी जबाबदारी त्या आठवड्यात त्यांची असे.

संगीत शिकविण्याची रीत तेथे कशी होती? आमच्या मते या इतिहासाचा गाभा येथे आहे. शाळेच्या मुलांतून चार गायनवृंद करीत व रविवारी ते चार चर्चमध्ये जात. बाख एका वेळी एकाच ठिकाणी असणार. उरलेले वृंद ‘प्रीफेक्ट’ म्हणून नेमलेली मोठी मुले चालवीत. धाकट्या मुलाला मोठ्या मुलाच्या शेजारी उभे राहून आपला स्वर धरावा लागे. पहिल्या काही वर्षांत बाख जवळजवळ दर आठवड्याला नवा ‘कंटाटा’, म्हणजे त्या रविवारच्या वाचनांना अनुसरून वाद्यांसह गायची अनेक खंडांची रचना, सिद्ध करीत होते. तिच्या प्रत्येक आवाजाच्या व वाद्याच्या प्रती हातांनी उतरवून काढाव्या लागत आणि त्या कामी शाळेतील विद्यार्थीही बसत. अशा रीतीने एकच रचना मुलाच्या हाताखालून जाई, कानावर पडे आणि कंठातून बाहेर येई. १७२६ मध्ये या शाळेत आलेला योहान लुडविग क्रेब्स नऊ वर्षे असाच घडला आणि पुढे नामांकित ऑर्गनवादक झाला.

परंतु या चित्राला दुसरी बाजूही आहे. २३ ऑगस्ट १७३० रोजी बाख यांनी नगरपालिकेला एक निवेदन सादर केले. एका वृंदात प्रत्येक आवाजासाठी किमान तीन व शक्यतो चार मुले हवीत, असा हिशेब मांडून त्यांनी शाळेतील मुलांची वर्गवारी दिली : सतरा उपयोगी, वीस अद्याप तयार न झालेली आणि सतरा संगीतास अपात्र. प्रवेश देताना मुलाचा आवाज व कान पाहिला जात नाही, वादक पुरेसे नाहीत, मदत करणाऱ्यांना देण्यास पैसा नाही, अशी त्यांची गाऱ्हाणी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात एर्डमान या जुन्या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या मिळकतीचे गणित सांगितले. तिचा काही भाग अंत्यविधीच्या गायनातून येई. आदल्या वर्षी हवा निरोगी असल्याने माणसे कमी मेली आणि त्यामुळे आपले १०० थालरांहून अधिक नुकसान झाले, असे त्यांनी नमूद केले आहे. वाचकांना यात विनोद दिसेल, परंतु ज्या शिक्षकाचे उत्पन्न शहरातील मृत्यूंवर अवलंबून आहे, त्याची स्थिती विनोदाची नव्हती.

१७३० मध्ये योहान माथियास गेसनर मुख्याध्यापक झाले आणि काही काळ दिवस पालटले. शाळेच्या जीर्ण इमारतीची दुरुस्ती होऊन तिच्यावर नवे मजले चढले. गेसनर लॅटिनचे मोठे पंडित, तरी बाख यांच्या कार्याची त्यांना मनापासून कदर होती. पुढे १७३८ मध्ये क्विंटिलियनच्या ग्रंथाची आवृत्ती काढताना, बाख एकाच वेळी वाजवितात, अनेकांना सांभाळतात व चुकणाऱ्याला सावरतात, याचे त्यांनी एका टीपेत भरभरून वर्णन केले.

गेसनर १७३४ मध्ये गेले व त्यांच्या जागी योहान आउगुस्ट एर्नेस्टी हे अवघ्या सत्तावीस वर्षांचे विद्वान आले. १७३६ मध्ये ठिणगी पडली. धाकट्या मुलांना कठोर शिक्षा केल्याबद्दल पहिल्या प्रीफेक्टला सर्वांसमक्ष फटके मारण्याचा हुकूम एर्नेस्टी यांनी दिला; तो मुलगा शाळा सोडून पळाला. त्याच्या जागी एर्नेस्टी यांनी नेमलेला मुलगा वृंद चालविण्यास असमर्थ आहे, असे बाख यांचे म्हणणे. प्रीफेक्ट निवडण्याचा अधिकार मुख्याध्यापकाचा की कँटरचा, यावर नगरपालिका, धर्ममंडळ आणि अखेरीस राजा यांच्याकडे अर्ज गेले. व्हायोलिनचा सराव करणाऱ्या विद्यार्थ्यांना एर्नेस्टी, दारूच्या गुत्त्यात वाजवायला जायचे आहे का, असे हिणवीत, अशी नोंद पुढे एका इतिहासलेखकाने करून ठेवली आहे.

एर्नेस्टी यांना खलनायक ठरविणे मात्र न्यायाचे होणार नाही. अभिजात भाषा व नवी विद्या यांत मुलांनी पारंगत व्हावे, हा त्यांचा ध्यास प्रामाणिक होता. तासन्‌तास गाण्यात आणि अंत्ययात्रांत गेले तर अभ्यास केव्हा करायचा, हा प्रश्न कोणत्याही मुख्याध्यापकाला पडेल. थंडीत रस्त्यावर गाणाऱ्या मुलाची कणव कोणालाही येईल. एर्नेस्टी यांची चूक आमच्या मते इतकीच की गायन हीसुद्धा एक विद्या आहे, तिच्यातही शिस्त, स्मरण, गणित व भाषा एकत्र नांदतात, हे त्यांनी मानले नाही.

तरी काळाने दिलेला पुरावा पाहावा. ‘संत मत्तयकृत दुःखसहन’ ही दोन गायनवृंदांची रचना, बहुसंख्य अभ्यासकांच्या मते १७२७ च्या गुड फ्रायडेला, प्रथम गायिली गेली ती या शाळेच्या मुलांच्या आवाजात. बाख यांच्या पश्चात बाहेरच्या जगाला त्यांच्या गायनरचनांचा बहुतांशी विसर पडला, परंतु शाळेने त्यांचे मोटेट, म्हणजे वृंदगायनाच्या रचना, गाणे सोडले नाही. १७८९ मध्ये मोझार्ट लाइपझिगला आले, तेव्हा त्यांनी हे मोटेट याच शाळेच्या मुलांकडून ऐकले आणि त्यांच्या प्रती मागवून घेऊन मांडीवर, खुर्च्यांवर पसरून वाचल्या, असे सांगतात. २०१२ मध्ये शाळेने व गायनवृंदाने आपली आठशे वर्षे साजरी केली.

या साऱ्यातून एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसते. संत थॉमस शाळेत संगीत टिकले, कारण तेथे गाणाऱ्या मुलाची कोणीतरी वाट पाहत होते. रविवारी चर्चमध्ये त्याचा आवाज लागणार होता. तो चुकला तर शेजारचा अडखळणार होता. आपल्या शाळांमध्ये बाख येणार नाहीत, आणि सर्वच मुले गायक होणार नाहीत. खुद्द बाख यांच्या यादीतही सतराच उपयोगी होती. परंतु ज्या वीस मुलांना त्यांनी ‘अद्याप तयार न झालेली’ म्हटले, त्यांची तयारी करण्यासाठी शाळा असते. ती तयारी परीक्षेच्या आधी रद्द होणाऱ्या तासात होत नाही. वेळापत्रक आखताना आपल्या मुख्याध्यापकांनी व संस्थाचालकांनी या वीस मुलांचा विचार करावा, एवढीच आमची विनंती आहे.