ट्रेलरला पार्कवेवर प्रवेश नाही

समजा, तुम्ही न्यू जर्सीत आहात (आपले निम्मे मित्र असतातच तिथे). लाँग वीकेंड आहे, गाडीच्या मागे भाड्याचा ट्रेलर जोडलाय, आत दोन पलंग आणि छोटी शेगडी. जायचंय लाँग आयलंडच्या पार टोकाला, माँटॉकजवळच्या हिदर हिल्स स्टेट पार्कला. समुद्राला लागून कॅम्पग्राउंड, तंबू ठोका नाहीतर ट्रेलर लावा. नकाशात बघितलं तर सरळ पूर्वेला जायचंय. मध्ये फक्त न्यूयॉर्क शहर आहे :)

पहिली अडचण शेगडीची. तिचा प्रोपेन सिलेंडर घेऊन हॉलंड किंवा लिंकन टनेलमध्ये जाता येत नाही. म्हणजे उरला जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज, आणि त्याचाही वरचाच मजला. इथवर ठीक आहे, आग लागू नये हे कोणालाही पटेल. खरी गंमत पुढे आहे. लाँग आयलंडवर पूर्वेकडे जाणारे छान, झाडीतून जाणारे रस्ते आहेत: नॉर्दर्न स्टेट पार्कवे, सदर्न स्टेट पार्कवे. बागांकडे जायलाच बांधलेले. आणि ट्रेलरला त्यांवर बंदी!

याचं मूळ शोधायला १९२४ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी गव्हर्नर अल स्मिथने लाँग आयलंड स्टेट पार्क कमिशनचं अध्यक्षपद रॉबर्ट मोझेस नावाच्या माणसाला दिलं. पुढची चाळीसेक वर्षं या माणसाने न्यूयॉर्कमध्ये पूल, रस्ते, बागा अक्षरशः ओतल्या, तेही एकदाही निवडून न येता. (एकदा १९३४ मध्ये गव्हर्नरपदाला उभा राहिला आणि सणकून आपटला.) स्वतः मात्र आयुष्यभर गाडी चालवायला शिकला नाही! श्रीमंतांच्या इस्टेटींशी भांडून त्याने समुद्रकिनारे लोकांसाठी मिळवले. जोन्स बीच १९२९ मध्ये उघडला, हिदर हिल्सही त्याच खटपटीतलं. आणि तिथे पोचायला पार्कवे.

पार्कवे म्हणजे हायवे नव्हे बरं का. रस्ता हीच एक लांबलचक बाग, अशी ती कल्पना. वळणं मुद्दाम ठेवलेली, वर दगडी कमानींचे पूल. ट्रक नको, बस नको, फक्त कुटुंबाची मोटार. ट्रेलर त्या काळात नव्हते असंही नाही. मोटारीला तंबू किंवा खोली जोडून हिंडणाऱ्यांची 'टिन कॅन टूरिस्ट्स' ही संघटना १९१९ सालीच फ्लोरिडात निघाली होती. पण पार्कवेच्या हिशेबात ट्रेलर ट्रकच्या रांगेत जाऊन बसला. आजचा ट्रेलर दहा-अकरा फूट उंच असतो आणि त्या कमानी काही ठिकाणी कडेला नऊ फूटही भरत नाहीत. नियम विसरलात तर कमान आठवण करून देते.

या कमानींवरून मोठं भांडण आहे. रॉबर्ट कॅरोने १९७४ मध्ये मोझेसचं चरित्र लिहिलं, 'द पॉवर ब्रोकर'. त्यात म्हटलं की पूल मुद्दाम ठेंगणे ठेवले, म्हणजे बसने येणारे गरीब आणि कृष्णवर्णीय लोक किनाऱ्यावर पोचू नयेत. कॅरोला हे मोझेसच्याच एका जवळच्या सहकाऱ्याने सांगितलं होतं: कायदा बदलता येतो, बांधलेला पूल पाडणं अवघड. पुढे १९९९ मध्ये बर्नवर्ड यॉर्गेस या जर्मन अभ्यासकाने यावर हरकत घेतली. बस आणि ट्रकना पार्कवेवर नियमानेच बंदी होती आणि जोन्स बीचला जायला दुसरे रस्तेही होते, मग पूल ठेंगणे ठेवायची गरज काय?

मला दोन्ही बाजू थोड्या पटतात. मोझेसच्या डोक्यात काय होतं हे सिद्ध करणं कठीण. पण आपल्या धंद्यातल्या माणसाला तो सहकारी काय म्हणाला ते लगेच कळतं. कॉन्फिगरेशनमधली अट आणि हार्डकोड केलेली अट यातला फरक आहे हा. पहिली कोणीतरी एका दुपारी बदलतो. दुसरी लिहिणारा नोकरी सोडून गेला तरी चालूच राहते. मोझेस १९८१ मध्ये वारला, कमानी उभ्याच आहेत.

मग ट्रेलरने जायचं कुठून? पूल ओलांडला की क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवे. हाही मोझेसचाच! काम १९४८ मध्ये सुरू झालं. पार्कवे बागेतून गेला, हा भरवस्तीतून. ईस्ट ट्रेमाँट भागात जेमतेम एका मैलासाठी १,५३० कुटुंबांना घरं सोडावी लागली. लोकांनी थोडा बाजूचा पर्यायी मार्ग सुचवला होता, तो त्याने धुडकावला. आज त्या मैलावर तुमच्या पुढे ट्रक, मागे ट्रक आणि खाली पहिला गिअर. तासभर खोळंबलात तर दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या खिडक्या बघा. तुम्ही तासाभराने जाल, ते लोक तो धूर रोज घेतात. ट्रकवाल्यांना आणि ट्रेलरवाल्यांना दुसरी वाटच ठेवलेली नाही, आणि खिडकीतल्यांनाही.

असो. पुढे थ्रॉग्ज नेक ब्रिज (१९६१, पुन्हा मोझेस, टोल अ‍ॅक्सलवर, म्हणजे ट्रेलरचे वेगळे पैसे). मग लाँग आयलंड एक्सप्रेसवे. त्यावर ट्रेलर चालतो. मोबाईल मध्येच 'पार्कवेने दहा मिनिटं वाचतील' म्हणेल, त्याला तुमच्या मागे काय आहे ते माहीत नसतं, दुर्लक्ष करा. एक्झिट ७० ला उतरून दक्षिणेला गेलं की २७ नंबरचा रस्ता लागतो, तो थेट माँटॉकपर्यंत. उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी तोही साउदॅम्प्टनपाशी तुंबतो. गुरुवारी रात्रीच निघा.