जिप्सी मॉथ आणि खासगी विमानाचे युग

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये युद्धातली जुनी विमाने मुबलक होती. पण एका माणसाला खरेदी करून सांभाळता येईल असे विमान नव्हते. जेफ्री डी हॅविलँड यांनी ती उणीव भरून काढली. 22 फेब्रुवारी 1925 रोजी लंडनजवळच्या स्टॅग लेन मैदानावरून त्यांचे ‘मॉथ’ प्रथम उडाले. दोन आसनांच्या या दुपंखी विमानाचा सांगाडा लाकडाचा, पंखांवर ताणून बसवलेले कापड. फ्रँक हॅलफर्ड यांनी युद्धातून उरलेल्या आठ सिलिंडरच्या रेनॉ इंजिनाच्या भागांतून चार सिलिंडरचे 60 अश्वशक्तीचे ‘सिरस’ इंजिन घडवले होते. पुढे ‘जिप्सी’ इंजिन आले आणि विमानालाही तेच नाव मिळाले. खरी करामत पंखांची होती. ते मागे दुमडता येत, त्यामुळे मोटारीमागे ओढत नेऊन विमान साध्या शेडमध्येही ठेवता येई. हँगरच्या भाड्याचा मोठा बोजा त्यामुळे हलका झाला. 1930 मध्ये ब्रिटिश वैमानिक एमी जॉन्सन एकट्या, जुनेच घेतलेले जिप्सी मॉथ चालवत 19 दिवसांत इंग्लंडमधील क्रॉयडनहून ऑस्ट्रेलियातील डार्विनला पोहोचल्या.

त्याच वर्षी इंग्लंड-भारत एकट्याने उड्डाण करण्याच्या आगाखान स्पर्धेत जे. आर. डी. टाटा आणि अ‍ॅस्पी इंजिनिअर जिप्सी मॉथ घेऊन उतरले. इजिप्तमधील अबूकीरला अ‍ॅस्पी स्पार्क प्लगविना अडकलेले दिसताच टाटांनी आपल्याजवळचे प्लग दिले. बक्षीस अ‍ॅस्पींना मिळाले. इतके दिलदार वैमानिक त्या काळाने घडवले. 15 ऑक्टोबर 1932 रोजी टाटा याच घराण्यातले ‘पस मॉथ’ टपालासह कराचीहून जुहूला घेऊन आले.