परमिट रूमचे कूळ

कोल्हापूरपासून गोंदियापर्यंत कुठल्याही हमरस्त्याला एक पाटी हमखास भेटते: 'बिअर बार अँड परमिट रूम'. आत बसलेल्यांना परमिट विचारले, तर बहुतेक जण गल्ल्याकडे बोट दाखवतील. परमिट म्हणजे मालकाचा परवाना, अशीच सगळ्यांची समजूत. पण मालकाचे लायसन्स वेगळे, त्याला 'एफएल-थ्री' म्हणतात. परमिट लागते पिणाऱ्याला. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा आजही जिवंत आहे आणि इथे रीतसर पिणारा प्रत्येक माणूस त्या कायद्याला सरकारने दिलेला अपवाद आहे. कोवळ्या पोरांना दारूपासून दूर ठेवण्याची आपल्याकडची सगळी व्यवस्था या अपवादाच्या कागदावर उभी आहे. म्हणून त्याची कुळी पाहायला हवी.

इंग्रजांना दारू हवी होती ती महसुलासाठी. 1878 चा मुंबई अबकारी कायदा त्याच हिशेबाचा. काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले तेव्हा 1 ऑगस्ट 1939 रोजी मुंबईत दारूबंदी झाली. ती आणणारे मंत्री डॉ. गिल्डर, हृदयरोगाचे नामांकित डॉक्टर आणि जातीने पारशी. मद्यव्यवसायात पारशी मंडळी मोठ्या संख्येने होती, तेव्हा डॉक्टरसाहेबांना घरातूनच किती ऐकून घ्यावे लागले असेल! थोड्याच महिन्यांत काँग्रेसची मंत्रिमंडळे पायउतार झाली आणि तो प्रयोग अर्धाच राहिला.

पुन्हा जोर धरला तो स्वातंत्र्यानंतर. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि 6 एप्रिल 1950 पासून मुंबई राज्यात संपूर्ण बंदी आली. फ्रामजी बलसारा नावाचे गृहस्थ त्याविरुद्ध न्यायालयात गेले. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधी आणि प्रसाधनाच्या द्रव्यांपुरती त्यांना मोकळीक दिली. दारूबंदी मात्र उचलून धरली.

आता बंदी म्हटली की फट आलीच. परदेशी माणसाला परवाना, आजाऱ्याला परवाना. परमिटचा जन्म या फटीतला. ज्याला तो मिळत नसे त्याच्यासाठी हातभट्टी होती आणि मुंबईच्या गल्लीबोळांत 'आंटी'चे अड्डे होते. तिथे वय विचारण्याचा प्रश्नच नव्हता. बंदीच्या काळात पिणारा अठराचा की अठ्ठेचाळीसचा याला काही अर्थ उरत नाही, दोघेही सारखेच गुन्हेगार. बंदी सैल होते तेव्हाच वयाचा प्रश्न उभा राहतो. वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत महाराष्ट्रात ती सैल होत गेली. कायदा रद्द करण्याचे धाडस कुणी केले नाही, परवाने तेवढे सढळ झाले. प्रकृती राखण्यासाठी मद्य आवश्यक, हे त्या परवान्यामागचे अधिकृत कारण. गांधीजींचे नाव राखायचे आणि तिजोरीही भरायची, यासाठी याहून चतुर तोड सापडली नसती. गुजरातेने त्याच 1949 च्या कायद्याची बंदी कायम ठेवली.

परवाना आला तसे त्याच्यासोबत वय आले. बिअरला एकवीस, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला पंचवीस. गंमत अशी की एकवीस हे नगरसेवकाच्या निवडणुकीला उभे राहण्याचे वय आणि पंचवीस आमदारकीचे. म्हणजे बिअर पिण्याची अक्कल नगरसेवकाइतकी आणि रमची आमदाराइतकी, असे सरकारचे मत दिसते! 2011 मध्ये राज्याच्या व्यसनमुक्ती धोरणात ही पंचविशी ठळकपणे आली तेव्हा तरुणांत ओरड झाली. अभिनेता इमरान खानने उघड विरोध केला. अठराव्या वर्षी मत देता येते, मग ग्लास का नको, हा तरुणांचा सवाल. बांद्याहून पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोव्यात अठरा वर्षे पुरतात, हेही सिंधुदुर्गातल्या पोरांना पाठ असते.

वय एकवीस असावे की पंचवीस, यावर वाद घालायला माझी हरकत नाही. पण वय पाहतो कोण? आजन्म परवाना हजार रुपयांचा, वर्षाचा शंभराचा. एक दिवसाचा विदेशी मद्यासाठी पाच रुपये आणि देशीसाठी दोन. हे एकदिवशीय परवाने बारवाले उत्पादन शुल्क खात्याकडून गठ्ठ्याने घेतात आणि विक्रीच्या हिशेबाशी जुळवून ठेवतात. ज्या कागदाने गिऱ्हाईक पारखायचे, तो गिऱ्हाइकाच्या हाती येतच नाही. सरकारला शुल्क पोचते, वय विचारायचे राहून जाते.

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवले, दोघेही गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता आणि आधी तो शहरातल्या दोन ठिकाणी दारू प्यायला होता, असे पोलिसांचे म्हणणे. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला. अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध होता. महाराष्ट्र त्या निबंधावर संतापला, ते योग्यच होते. पण दारू देणाऱ्यांचे काय? त्यांना अटक झाली ती मुख्यतः बाल न्याय कायद्याच्या आधारे. त्याचे 77 वे कलम बालकाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड सांगते. एवढा जबर कायदा हाताशी असताना टेबलावर ग्लास ठेवण्याआधी कुणी आधार कार्ड मागितले नाही.

आणखी कायदे नकोत. एकदिवशीय परवान्यांचे गठ्ठे बारवाल्यांना देणे सरकारने बंद करावे. पिणाऱ्याने ओळखपत्र दाखवून परवाना स्वतःच्या नावावर घ्यावा आणि नंतरच बसावे. 2020 च्या टाळेबंदीत घरपोच दारूसाठी याच राज्याने परवाने ऑनलाइन दिले होते, तेव्हा यंत्रणा नाही ही सबब चालणार नाही.